आठवीचे बीजगणित आणि शेजारच्या बाकावरचा मुलगा

पत्राचा सारांश : सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या एका आईचे हे पत्र आहे. त्यांचा मुलगा तिथल्या सार्वजनिक मिडल स्कूलमध्ये सातवीत असून गणितात चांगला आहे. आठवीत बीजगणित कोणाला आणि कसे शिकवावे यावर शाळेत पालकांच्या बैठका सुरू आहेत. ओळखीच्या काही भारतीय पालकांनी शाळेला देण्यासाठी एक निवेदन तयार केले आहे. चाचणीसाठी नाव देणाऱ्या मुलांमधून निवडक मुलांचा वेगळा वर्ग करावा, अशी त्यात मागणी आहे आणि या बाईंनी त्यावर सही करावी असा त्यांचा आग्रह आहे. बाईंची जवळची मैत्रीण दुसऱ्या एका सार्वजनिक शाळेत गणित शिकवते. ‘असे वर्ग झाले की माझ्याकडची मुले कायमची मागे राहतात आणि ते तुम्हा लोकांना दिसत नाही’, असे ती म्हणाली, आणि तेव्हापासून दोघींच्या बोलण्यात अवघडलेपण आले आहे. पतीचे म्हणणे असे की या वादात पडूच नये. उन्हाळ्यात पैसे भरून मुलाचे बीजगणित ऑनलाइन उरकून घ्यावे, नाहीतर जवळच्या फ्रीमाँट उपनगरात घर पाहावे. ‘आपली मुले गणितात मुळातच पुढे असतात, त्यांना अडवायचे कशाला?’ असे ते विचारतात. पत्राच्या शेवटी बाई लिहितात : ‘माझ्या मुलाचे हित पाहणे म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांचे नुकसान करणे आहे का? तसे नसेल, तर मैत्रिणीसमोर मला अपराधी का वाटते?’

प्रिय ताई,

तुमचे पती एका मुलाविषयी बोलत आहेत आणि तुमची मैत्रीण भरलेल्या वर्गाविषयी. दोघांनाही आपापल्या जागी काहीतरी खरे दिसते आहे, आणि तुम्हाला ते दोन्ही दिसते म्हणून तुमची ओढाताण होते. सहीविषयी मी पुढे स्पष्टच लिहिणार आहे. पण त्याआधी या वादाचे मूळ थोडे सविस्तर सांगते, कारण आठवीतल्या एका विषयावरून एवढे रण का माजते हे महाराष्ट्रात शिकलेल्या पालकांना सहसा उमगत नाही, आणि ते न उमगता घेतलेले निर्णय बहुधा भीतीपोटी घेतलेले असतात.

आपल्याकडे राज्य मंडळाच्या नववी-दहावीत बीजगणित आणि भूमिती ही दोन पुस्तके एकाच वर्षी, सगळ्यांना शिकवली जातात. अमेरिकी हायस्कूलची रूढ रचना तशी नाही. तिथे वर्षाला एक विषय असतो : अल्जेब्रा वन (तुमच्या शाळेतल्या वादातले बीजगणित ते हेच), मग जिऑमेट्री, मग अल्जेब्रा टू, मग प्रीकॅल्क्युलस आणि शेवटी कॅल्क्युलस, म्हणजे कलन. विषय पाच आणि हायस्कूलची वर्षे चार. नववीत अल्जेब्रा वन सुरू करणारे मूल बारावीला प्रीकॅल्क्युलसपर्यंतच पोहोचते. बारावीत कॅल्क्युलस घ्यायचे असेल तर आठवीतच सुरुवात करावी लागते, नाहीतर पुढे कधीतरी एका वर्षात दोन विषय घ्यावे लागतात किंवा उन्हाळ्याची सुट्टी त्यात घालवावी लागते. अठराव्या वर्षी काय शिकता येईल हे अशा रीतीने तेराव्या वर्षी ठरते, आणि ज्या गावांत सहावीतच वर्ग वेगळे होतात तिथे ते अकराव्या वर्षीच ठरून जाते. मला स्वतःला ही रचनाच सदोष वाटते. गणिताचे असे वर्षावर्षाचे तुकडे पाडल्याने कोणाचे भले झाले आहे असे मला दिसत नाही. पण ती काही तुमच्या मुलाच्या शाळकरी वयात बदलणार नाही, तेव्हा आहे त्या रचनेतच मार्ग काढायचा आहे.

कॅलिफोर्नियाने या रचनेत दोन्ही टोके गाठून पाहिली आहेत. १९९७ च्या अभ्यासक्रमापासून राज्याचा कल आठवीतच सगळ्यांना बीजगणित देण्याकडे होता, आणि २००८ मध्ये तर राज्याच्या शिक्षण मंडळाने आठवीच्या प्रत्येक मुलाची परीक्षा बीजगणिताचीच घ्यावी असा ठराव केला, जो न्यायालयाने रोखला. त्या काळात पुरेशी तयारी नसलेली असंख्य मुले बीजगणिताच्या वर्गात ढकलली गेली. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट-मेक्लेनबर्ग शाळांमध्येही असेच झाले होते, आणि तिथल्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या क्लॉटफेल्टर, लॅड आणि व्हिगडॉर या अर्थतज्ज्ञांना असे आढळले की घाईने बीजगणितात आणलेल्या मुलांचे बीजगणिताचे गुण तर कमी पडलेच, शिवाय पुढची भूमिती पार करण्यातही ती मागे राहिली. मग २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने दुसरे टोक धरले. आठवीत कोणालाच बीजगणित नाही, सगळ्यांना एकच वर्ग, आणि अल्जेब्रा वन सरसकट नववीत. बीजगणितात नापास होऊन तोच विषय पुन्हा घ्यावा लागणाऱ्या मुलांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची, मुले फार होती. त्यांना थोडा वेळ मिळावा आणि वर्गावर्गांमधली भिंत जावी, हा त्यामागचा हेतू होता. तो हेतू खोटा होता असे मानायला मला कोणतेही कारण दिसत नाही.

परिणाम मात्र हेतूप्रमाणे झाला नाही. स्टॅनफर्डचे टॉमस डी आणि एलिझाबेथ हफेकर यांनी या धोरणाचा अभ्यास केला, तेव्हा प्रगत गणित घेणाऱ्या मुलांमधली वांशिक तफावत जवळपास होती तेवढीच राहिल्याचे दिसले. आणि हायस्कूलमध्ये एपी दर्जाचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, गणित घेणाऱ्यांचे एकूण प्रमाण सुरुवातीला खाली आले, ते पुढे काही अंशी सावरले. अल्जेब्रा वन पुन्हा घेणाऱ्या मुलांची संख्या खूप घटली असे शहराच्या सार्वजनिक शाळा चालवणारे डिस्ट्रिक्ट सांगत असे. पण पुढच्या वर्गात जाण्यासाठी लागणारी परीक्षाच काढून टाकल्यामुळे ती घटली आहे, असे कागदपत्रे मिळवलेल्या पालकांनी दाखवले. दरम्यान ज्यांना शक्य होते त्यांनी बाहेरचा रस्ता धरला. कोणी खासगी शाळेत गेले, कोणी शेकडो डॉलर भरून ऑनलाइन अल्जेब्रा वन पूर्ण केले आणि पडताळणी परीक्षा देऊन नववीत थेट भूमितीत बसले. पालक न्यायालयात गेले. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये स्कूल बोर्डाने आठवीचे बीजगणित परत आणण्याचे ठरवले, आणि मार्चमध्ये शहरातल्या सल्लावजा मतदानात सुमारे ८२ टक्के मतदारांनी त्याच्या बाजूने कौल दिला. २०२४-२५ पासून वेगवेगळ्या शाळांत वेगवेगळ्या पद्धती करून पाहिल्या जाऊ लागल्या : काही ठिकाणी आठवीच्या सगळ्यांनाच बीजगणित, काही ठिकाणी इच्छा किंवा तयारी पाहून, तर काही ठिकाणी आठवीचे नेहमीचे गणित आणि बीजगणित असे दोन्ही तास. तुमच्या शाळेतल्या बैठका याच प्रश्नाच्या पोटातून निघाल्या आहेत.

माझे मत लपवत नाही. २०१४ चे धोरण चुकले, आणि ते चुकण्याचे कारण असे की त्याने फक्त सार्वजनिक दार बंद केले आणि खासगी दार उघडेच राहिले. ज्या मुलाच्या आईला ऑनलाइन वर्ग, पडताळणी परीक्षा, अर्जाची तारीख हे सगळे माहीत होते ते मूल पुढे गेले; आणि तेवढेच हुशार, पण ज्याची आई दोन पाळ्यांत काम करते आणि जिला या गोष्टी कोणी सांगितल्याच नाहीत, ते मूल तिथेच राहिले. समतेसाठी आणलेल्या धोरणाने गरीब घरातल्या तयार मुलाचाच एकमेव मार्ग काढून घेतला. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत दुःखाची गोष्ट हीच वाटते, आणि तुमच्या पतीच्या सूचनेविषयी विचार करताना ती समोर ठेवावी असे मला वाटते. उन्हाळी ऑनलाइन वर्ग घेणे हा काही गुन्हा नाही. पण ‘वादात पडूच नये’ हा सल्ला मात्र तोच बाहेरचा रस्ता पुन्हा धरण्याचा आहे.

आता मैत्रिणीचे म्हणणे. तिने जे बोलून दाखवले त्याला मोठा इतिहास आहे. अमेरिकी शाळांमध्ये हुशार आणि सामान्य अशी वर्गवारी अनेक दशके शिक्षकांच्या शिफारशीवर आणि पालकांच्या पाठपुराव्यावर चालत आली आहे, आणि तिच्यात गुणांइतकाच वर्ण आणि आर्थिक स्थिती यांचा हात राहिला आहे. खुद्द बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या भागात, एका पाहणीत असे आढळले होते की आठवीत बीजगणित चांगल्या रीतीने पूर्ण केलेल्या मुलांनाही नववीत पुन्हा तोच वर्ग दिला जात होता, आणि त्यात कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांचा वाटा अधिक होता. त्यातूनच २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला : नववीत मुलाला कोणत्या गणितात बसवायचे हे वस्तुनिष्ठ निकषांवर ठरले पाहिजे, पहिल्या महिन्यात ते पुन्हा तपासले पाहिजे, आणि पालकांना दाद मागता आली पाहिजे. पुढच्या टप्प्याचे चित्रही फारसे वेगळे नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या आकडेवारीप्रमाणे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थी मोठ्या संख्येने असलेल्या हायस्कूलांपैकी सुमारे ३५ टक्के शाळांतच कॅल्क्युलस शिकवले जात होते. ही मुले कमी असलेल्या शाळांत ते प्रमाण ५४ टक्के होते. ‘ते तुम्हा लोकांना दिसत नाही’ असे तुमची मैत्रीण म्हणते तेव्हा तिच्यासमोर हे सगळे असणार.

तरीही तिच्या म्हणण्यातले एक गृहीत तपासून पाहायला हवे. वर्ग एकत्र ठेवला की मागचे मूल आपोआप वर येते, असे होत नाही. त्याला वर आणायला वेळ, शिक्षक आणि पैसा लागतो. शिकागोने २००३ मध्ये नववीतल्या कच्च्या मुलांना बीजगणिताचे रोज एकाऐवजी दोन तास देण्याची पद्धत सुरू केली. पुढे पाहणी केल्यावर त्या मुलांमध्ये हायस्कूल पूर्ण करण्याचे आणि कॉलेजात जाण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. तिथे फरक पडला तो जास्तीच्या शिकवण्यामुळे. तुमच्या मुलाने आठवीत बीजगणित घेतले नाही म्हणून मैत्रिणीच्या वर्गातल्या एकाही मुलाला असा जास्तीचा तास मिळणार नाही. या अर्थाने तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मुलाने शिकण्याने दुसऱ्या मुलाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते त्याला शिकायला मिळावे म्हणून आपण जी व्यवस्था मागतो, तिच्यात इतर मुलांना जागा ठेवली नाही तर.

इथे मला बॉब मोझेस यांची आठवण होते. १९६० च्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी जीव धोक्यात घालून काम केलेले हे गृहस्थ पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावात राहत होते. त्यांची मुलगी आठवीत गेली तेव्हा तिच्या सार्वजनिक शाळेत बीजगणित शिकवतच नव्हते. म्हणजे त्यांची अडचण अगदी तुमचीच होती. ते स्वतः गणिताचे शिक्षक होते, मुलीला घरी शिकवू शकत होते. शाळेतल्या बाईंनी त्यांना सुचवले की वर्गातच येऊन तिच्यासोबत आणखी काही मुलांनाही शिकवा. त्यांनी ते मान्य केले, आणि १९८२ मध्ये त्यातून ‘अल्जेब्रा प्रोजेक्ट’ उभा राहिला. पुढे तो देशातल्या अनेक गरीब वस्त्यांमधल्या शाळांत पोहोचला. मतदानाचा हक्क जसा नागरिकत्वाचा भाग, तसेच बीजगणित हाही आता नागरिकत्वाचा भाग आहे, असे मोझेस आयुष्यभर मांडत राहिले. २०२१ मध्ये ते गेले. याच केंब्रिजने नंतर समतेच्याच नावाने आठवीतले वेगळे प्रगत गणित बंद केले आणि २०२३ मध्ये पालकांच्या रेट्यानंतर बीजगणित परत आणण्याचे ठरवले. समता हवी असणारी माणसे या प्रश्नावर दोन्ही बाजूंना राहिली आहेत, हे तुमच्या मैत्रिणीशी बोलताना तुम्हाला उपयोगी पडेल.

तुमच्या पतीच्या एका वाक्यावर मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण ते वाक्य अमेरिकेतल्या आपल्या अनेक घरांत मुलांच्या देखत बोलले जाते. ‘आपली मुले मुळातच पुढे असतात.’ अमेरिकेत १९६५ नंतर स्थलांतराचे जे नियम झाले, आणि पुढे एच-वन-बी व्हिसावर जी निवड होत गेली, त्यामुळे तिथे पोहोचलेले भारतीय हे भारतातले सर्वसाधारण लोक नाहीत. तिथल्या प्रौढ भारतीयांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक पदवीधर आहेत. अमेरिकेच्या एकूण लोकसंख्येत हे प्रमाण त्याच्या जवळपास निम्मे आहे. ज्या घरात आई-वडील दोघे अभियंते आहेत, जेवताना टक्केवारीची आणि वेगाची गणिते सहज निघतात, गणित अडले तर रात्री दहालाही विचारायला माणूस आहे, त्या घरातल्या मुलाने पुढे असणे स्वाभाविक आहे. त्याने केलेल्या मेहनतीचे मोल त्याने कमी होत नाही. पण सोलापूरच्या किंवा गडचिरोलीच्या जिल्हा परिषद शाळेतला, घरी कोणी विचारायला नसलेला मुलगाही ‘आपलाच’ असतो, आणि त्याच्याविषयी आपण ‘मुळातच मागे’ असे म्हणत नाही. त्याला शिकवणी मिळाली नाही असे म्हणतो. तीच दृष्टी मुलाच्या शेजारच्या बाकावरच्या ग्वातेमालाहून आलेल्या मुलाला लावता येईल. शिवाय या वाक्याचा तुमच्या मुलालाही त्रास आहे. ज्याला आपण जन्मतःच हुशार आहोत असे सांगितले गेले आहे, त्याला पहिल्यांदा गणित अडले की ते अडणे हा त्याला स्वतःविषयीचा निकाल वाटतो.

आता निवेदनाकडे येते. ज्या स्वरूपात ते आज आहे त्यावर तुम्ही सही करू नये असे माझे मत आहे. बीजगणित मागणे योग्यच आहे. आक्षेप आहे तो चाचणीसाठी नाव देण्याच्या पद्धतीला, कारण नाव देतात ते ज्यांच्या पालकांना ठाऊक असते ते, आणि निवड तिथेच होऊन जाते. याला पर्याय आहे आणि तो अमेरिकेतच वापरात आहे. टेक्सासने २०२३ मध्ये कायदा केला की पाचवीच्या राज्य परीक्षेत वरच्या ४० टक्क्यांत आलेली मुले सहावीत आपोआप प्रगत गणिताच्या वर्गात जातील. ज्या पालकांना ते नको असेल त्यांनी नकार कळवायचा. डॅलसच्या शाळांनी २०१९ पासून आधीच अशी पद्धत सुरू केली होती आणि तिथे आठवीत बीजगणित घेणाऱ्या कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांचे प्रमाण लक्षणीय वाढले. नॉर्थ कॅरोलिनानेही २०१८ मध्ये असाच, वरच्या श्रेणीत आलेल्या मुलांना प्रगत वर्ग देणे बंधनकारक करणारा कायदा केला. या राज्यांत शिफारस लागत नाही, आणि अर्ज करायचा राहून गेला म्हणून कोणी मागे राहत नाही. राज्य परीक्षा सगळेच देतात, म्हणून शोधही सगळ्यांमध्ये घेतला जातो.

तेव्हा निवेदन मागे ठेवून द्यायला सांगण्यापेक्षा ते बदलून घ्या. सातवीच्या प्रत्येक मुलाचे राज्य परीक्षेचे गुण पाहून तयार असलेल्या सर्वांना बीजगणिताच्या वर्गात आपोआप नाव लागावे, पालकांना ते त्यांच्या भाषेत, म्हणजे स्पॅनिश आणि चिनी भाषांतही, कळवावे, ज्यांची तयारी थोडी कमी आहे आणि ज्यांची इच्छा आहे त्यांना आठवीत जास्तीचा तास मिळावा, आणि नववीच्या सुरुवातीला पुन्हा एकदा पाहणी व्हावी, एवढ्या मागण्या त्यात घाला. हा मसुदा शाळेकडे जाण्याआधी मैत्रिणीला वाचायला द्या. तुमच्या गटातले काही पालक म्हणतील की याने वर्ग मोठा होईल आणि वेग कमी होईल. काही प्रमाणात तसे होऊ शकते. पण एक गोष्ट त्यांनाही पटण्याजोगी आहे : मूठभर मुलांसाठीचा वर्ग पुढच्या अर्थसंकल्पात पहिल्यांदा कापला जातो, आणि शाळेतल्या सर्व थरांतल्या पालकांची मुले ज्या वर्गात बसतात तो वर्ग बंद करणे कोणत्याही बोर्डाला जड जाते.

आणि तुमचा मुलगा? त्याच्याविषयी पत्रात एवढेच आहे की तो गणितात चांगला आहे. त्याला हे सगळे हवे आहे का, हे मात्र तुम्ही लिहिलेले नाही. ते त्याला विचारा. त्याआधी त्याची तयारी पाहायची असेल तर गुणपत्रिकेपेक्षा त्याचे स्पष्टीकरण ऐका. दोन-तृतीयांशाला तीन-चतुर्थांशाने भागले तर उत्तर एकापेक्षा लहान येते, ते का, हे त्याला आकडेमोड न करता सांगता येते का? एखाद्या किमतीत २० टक्के वाढ करून मग २० टक्के घट केली तर मूळ किंमत का येत नाही, हे तो समजावून सांगू शकतो का? रॉबर्ट सीगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांतल्या मुलांची माहिती तपासून दाखवले की दहा वर्षांच्या आसपास मुलाची अपूर्णांकांची आणि भागाकाराची समज जेवढी पक्की, तेवढे त्याचे हायस्कूलमधले गणित चांगले, आणि घरची स्थिती व बुद्ध्यांक लक्षात घेऊनही हा संबंध टिकतो. या प्रश्नांची उत्तरे तो हौसेने देत असेल तर तो आठवीत बीजगणित निभावेल. तो अडखळत असेल तर एक वर्ष थांबल्याने काही बिघडणार नाही, आणि घाई केल्याने बिघडू शकेल.

उन्हाळ्यात आठ आठवड्यांत वर्षभराचे बीजगणित उरकण्याच्या मी विरुद्ध आहे, शाळेत तो विषय मिळण्याची शक्यता असताना तर नक्कीच. त्या वेळेत त्याला रुंदीचे, म्हणजे पुढच्या इयत्तेचे नव्हे तर अभ्यासक्रमाबाहेरचे, गणित द्या. बर्कली मॅथ सर्कल १९९८ पासून अशा मुलांसाठी चालते. सॅन फ्रान्सिस्कोतही मॅथ सर्कल आहे. अशा ठिकाणी मुले संख्यांचे गुणधर्म, मोजण्याच्या युक्त्या, तर्काची कोडी यांवर तासन्‌तास घालवतात, आणि पुढे बीजगणित सामोरे आले की ते त्यांना पाठ करावे लागत नाही. तुमच्या पतीकडे दर शनिवारी दीड तास असेल, तर मुलाच्या वर्गातल्या आणखी दोन-तीन मुलांना घरी बोलावून त्यांनी स्वतः शिकवावे असेही मी सुचवीन. त्यातला एखादा तरी असा असावा ज्याच्या घरी शिकवणारे कोणी नाही. वर्गाच्या शिक्षकांना विचारले तर ते नाव सुचवतील.

कॉलेजची भीती या सगळ्याच्या तळाशी आहे हे मला ठाऊक आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला प्रवेशासाठी हायस्कूलचे तीन वर्षांचे गणित, म्हणजे अल्जेब्रा टू पर्यंतचे, लागते आणि चार वर्षांचे असावे अशी शिफारस आहे. कॅल्क्युलस ही अट नाही. अभियांत्रिकीला किंवा निवडक खासगी विद्यापीठांत जाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते घेतलेले असते, हेही खरे आहे, म्हणून त्या वाटेची इच्छा असलेल्या मुलाला तो मार्ग खुला असावा. पण २०२३ मध्ये कॅल्टेकसारख्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या नामांकित संस्थेनेही ज्या मुलांच्या शाळेत कॅल्क्युलस नाही त्यांच्यासाठी आपली अट सैल करून दुसऱ्या मार्गाने तयारी दाखवण्याची सोय केली. उलट बाजूची बातमी अधिक काळजीची आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, सॅन दिएगो इथल्या एका समितीने अहवाल दिला की हायस्कूलच्या पातळीच्याही खालचे गणित येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांची संख्या २०२० पासून पाच वर्षांत जवळपास तीसपट झाली, आणि त्यातल्या अनेकांच्या हायस्कूलच्या गुणपत्रिकेवर गणिताचे गुण उत्तम होते. विषयांची यादी लांब असणे आणि गणित येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या विद्यापीठाला पहिल्या वर्षाच्या वर्गात कळले.

फ्रीमाँटविषयी थोडक्यात लिहिते. घर बदलायची इतर कारणे असतील तर अवश्य बदला, पण फक्त बीजगणितासाठी बदलू नका. उपनगरांमधल्या शाळांत प्रगत वर्ग असतात, पण चढाओढही असते; तिथे आठवीत बीजगणित घेणाऱ्या मुलाला सातवीत घेतलेली मुले भेटतात आणि पालकांची धाकधूक एक पायरी वर सरकते. पालो आल्टोसारख्या संपन्न गावातही पालक गणिताच्या वर्गवारीवरून न्यायालयात गेलेले आहेत.

न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये किंवा अन्यत्र राहणाऱ्या ज्या वाचकांना हाच पेच आहे त्यांनी शाळेला काही गोष्टी लेखी विचाराव्यात. आमच्याकडे गणिताची वर्गवारी कोणत्या इयत्तेत होते, कोणत्या गुणांवर होते, ते निकष सर्व पालकांना कोणत्या भाषांत कळवले जातात, मागे राहिलेल्या मुलाला पुढच्या वर्षी वर येण्याचा मार्ग कोणता, आणि गेल्या वर्षी किती मुले त्या मार्गाने वर आली. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शाळेकडे तयार नसेल, तर तो मार्ग केवळ कागदावर असण्याची शक्यता आहे, आणि पालकांनी एकत्र येऊन त्याचाच पाठपुरावा करणे सर्वांत उपयोगाचे ठरेल.

मैत्रिणीसमोर तुम्हाला अपराधी का वाटते, हेही तुम्ही विचारले आहे. मला वाटते, तिने तुमच्यावर ठेवलेला दोष तुमचा नाही, पण तिने दाखवलेली मुले तुम्ही पाहिली आहेत आणि आता ती तुम्हाला विसरता येत नाहीत. ही भावना घालवण्याच्या मागे लागू नका. तिला चहाला बोलवा, बदललेला मसुदा तिच्यासमोर ठेवा आणि तिच्या वर्गातल्या किती मुलांना आठवीत बीजगणित झेपेल असे तिला वाटते, हे विचारा. माझा अंदाज आहे की ती काही नावे लगेच घेईल, आणि त्या मुलांसाठीही तिच्या शाळेत हेच आपोआप नाव लागणे कसे मागता येईल यावर तुमचे बोलणे पुढे जाईल.

मुलाने विचारांती आठवीत बीजगणित नको असे सांगितले, तर त्याचे ऐका. नववीत सुरू करूनही पुढे एका वर्षी दोन विषय घेऊन बारावीपर्यंत कॅल्क्युलसला पोहोचता येते. निवेदनावरची सही मात्र त्याच्या उत्तरावर अवलंबून ठेवू नका. बदललेल्या मसुद्यातली मागणी सातवीच्या सगळ्या मुलांसाठी आहे, आणि पुढच्या बैठकीला तुमचा मुलगा त्या वर्गात बसणार नसला तरी ती मांडायला तुम्ही उभे राहू शकता.